दोन डगरींवर हात ठेवू का?

आदरणीय मॅडम,

मी औसा तालुक्यातल्या एका गावचा. वय २६. मराठीत एम.ए. केलं, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालो, आता लातूरला एका कॉलेजात सी.एच.बी.वर, म्हणजे तासाच्या मानधनावर, तास घेतो. कविता लिहितो, कविसंमेलनाची बोलावणी येतात. दोन वर्षांपासून कथाही लिहितोय. अमेरिकेतल्या दोन-तीन विद्यापीठांत सर्जनशील लेखनाच्या एम.एफ.ए. या पदवीला अर्ज करायचं मनात आहे. त्यातल्या एका फॉर्मात 'मुख्य साहित्यप्रकार' आणि 'दुय्यम साहित्यप्रकार' असे दोन रकाने आहेत आणि दोन्हींचे नमुने मागितलेत. माझे सर म्हणतात, 'दोन डगरींवर हात ठेवू नको, कविता धर.' मित्र म्हणतो, 'कवितेला कोण विचारतंय, कथा धर.' वडील म्हणतात, बी.एड. कर. मी दोन्ही प्रकार घ्यावेत का? घेतले तर मुख्य कुठला? आणि घरी काय सांगू? सोबत एक कविता आणि एक कथा पाठवतोय, दोन्ही आडतीवरच्या, म्हणजे शेतमाल विकतात तिथल्या. इंग्रजीत मीच उतरवल्यात, तेही जोडलंय.

आपला एक वाचक

---

लेकरा,

तुझ्या पाकिटातली कविता मी आधी वाचली, मग कथा, आणि पत्र सगळ्यात शेवटी. ते बरं झालं. पत्रात विचारलेल्या गोष्टीचं निम्मं उत्तर त्या दोन कागदांतच होतं. वाचकांनाही कळावं म्हणून कवितेच्या चार ओळी इथं देते:

काट्यावर पोतं चढलं
तसं बापाचं तोंड उतरलं
पट्टीवरच्या आकड्यांत
माझ्या फीचा आकडा नव्हता

पहिल्या दोन ओळी मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोठ्यानं म्हणून बघितल्या. एक चढतं, दुसरं उतरतं. तराजूची चाल ओळींच्या चालीत आली आहे आणि ती तू मुद्दाम आणलीस असं वाटत नाही. (आता आडतीत इलेक्ट्रॉनिक काटे आलेत म्हणा, पारडं कुठाय! पण बोलण्यातला तराजू अजून दोन पारड्यांचाच आहे.) पुढच्या दोन ओळी मात्र तू माईकसमोर उभं राहून लिहिल्यास. 'माझ्या फीचा आकडा नव्हता' म्हटलं की पहिल्या रांगेतून टाळी येणार, हे तुला ठाऊक आहे. बापाचं तोंड उतरलं इथंच मला सगळं कळलं होतं. तू ते परत समजावून सांगितलंस.

आता कथा. अकरा पानं. नववीतला पोरगा बापासोबत सोयाबीनची पोती टेम्पोत घालून लातूरला आडतीवर येतो, सौदा होतो, माप होतं, पट्टी हातात पडते, दोघं परत जातात. दुसऱ्याच पानावर 'त्याच्या अंतःकरणात वेदनेचा सागर उसळला'. कुठला सागर रे? औशाच्या पोरानं तेरणेचं पाणी तरी बारमाही पाहिलंय का? सहाव्या पानावर 'काळजाचे तुकडे तुकडे'. हे शब्द तुझे नाहीत, ते रस्त्यावर पडलेले होते, तू उचललेस.

पण आठव्या पानावर एक वाक्य आहे. मॉइश्चर, म्हणजे दाण्यातला ओलावा, बघायला मूठभर दाणे द्यायचे असतात तेव्हा 'पोराची मूठ पूर्ण उघडलीच नाही, चार दाणे बोटांच्या बेचक्यात राहिले'. आणि शेवटच्या पानावर गावाकडं जाताना टेम्पोत ते चार दाणे अजून त्याच्या मुठीत आहेत. त्यावर तू एक शब्दही बोलला नाहीस. देव पावला.

हे चार दाणे तुझ्या कवितेत नाहीत, आणि असते तरी तिथं त्यांचं काही झालं नसतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मूठ मिटून ठेवायची तर मधे दिवस जावा लागतो. कविता त्या काट्याजवळच्या एका क्षणाला धरून उभी राहिली. कथेला अख्खा दिवस मिळाला होता आणि तिनं तो वाया घालवला. तूच लिहिलंयस की सौदा अकराला निघाला आणि पट्टी चारला हातात पडली. मधले पाच तास? 'दुपार कशीबशी सरली.' अरे, कथा तिथंच होती की! हमालानं पोत्याला हूक मारला की जे दाणे सांडतात, ते मातेरं झाडून नेणाऱ्या बाया त्या दुपारी कुठं होत्या? बापानं भाकरीचं फडकं कुठं सोडलं, पोत्यांच्या सावलीला की हॉटेलातल्या बाकड्यावर, आणि हॉटेलात बसायचं तर चहा मागवावा लागला का? मुनिमाला तो किती वेळा 'झालं का साहेब' म्हणाला? शेजारी कुणाचं मॉइश्चर बारा टक्क्यांपेक्षा जास्त निघालं असेल, तो माल उन्हाला पसरून बसला असेल, त्याच्याशी बाप काय बोलला?

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, दोन्ही घे. पण दोन प्रकार म्हणजे दोन दुकानं, एक नाही चाललं तर दुसरं चालेल, असा हिशेब असेल तर घेऊ नको. तुझ्यापाशी एकच आडत आहे. तिच्यात कवितेला काय सापडतं आणि कथेला काय, हे बघायला दोन्ही हवेत.

आता या अभ्यासक्रमांचं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे रकान्यांचा अर्थ कळेल. अमेरिकेतलं एम.एफ.ए. दोन किंवा तीन वर्षांचं असतं आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश एकाच प्रकारात मिळतो. कवितेची मुलं वेगळी, कथा-कादंबरीची वेगळी. काही ठिकाणी मात्र दुसरा प्रकार नियमातच बसवलेला असतो. ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठातलं मिशेनर सेंटर याच गोष्टीसाठी ओळखलं गेलं: एक मुख्य, एक दुय्यम. कॅनडात व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातही अनेक प्रकारांत लिहून बघायची पद्धत आहे. शिवाय वर्षातून दोनदा आठ-दहा दिवस कॅम्पसवर जायचं आणि बाकी पत्रव्यवहारानं शिकायचं असेही अभ्यासक्रम असतात. त्यांत दोन प्रकार घेतले तर साधारण एक सत्र जास्तीचं बसतं, आणि त्याची फीही.

दोन रकाने दिसले म्हणून अर्धं-अर्धं समजू नको. दुय्यम प्रकाराच्या वाट्याला काही कार्यशाळा येतात. शेवटी जो प्रबंध द्यायचा असतो, म्हणजे पुस्तकाएवढं हस्तलिखित, तो सहसा मुख्य प्रकारातच. मुख्य रकान्यात तू जे लिहिशील त्याच्यासोबत तुला दोन-तीन वर्षं संसार करायचा आहे. दुय्यम म्हणजे माहेर. अधूनमधून जायचं.

आणि कार्यशाळा म्हणजे आपलं शिबिर नव्हे, जिथं पाहुणे कवी येतात, शाल-श्रीफळ होतं आणि जेवणानंतर सगळे पेंगतात. दहा-बारा जण टेबलाभोवती. तुझी कथा आठवडाभर आधी सगळ्यांना दिलेली. प्रत्येकानं समासात खुणा करून आणलेल्या. मग ते तासभर तुझ्या कथेवर बोलतात आणि जुन्या रीतीप्रमाणं तू गप्प बसायचं. 'मला असं म्हणायचं होतं' हे म्हणायची सोय नाही. आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या लेखन-कार्यशाळेनं ही रीत रुळवली. अलीकडं काही ठिकाणी लेखकाला बोलू देतात. तुझ्यासारख्याला मात्र तो गप्प बसण्याचा तास फार कामाचा आहे. तुला टाळ्यांची सवय लागलीय. आपल्याकडं कविसंमेलनावर मुशायऱ्याची सावली आहे, वली आणि सिराज औरंगाबादी या उर्दू शायरांच्या मुलखात ती असायचीच. ओळ परत म्हणायची, दाद घ्यायची, मग पुढं. त्यात काही वाईट नाही. पण टाळी कुठल्या ओळीला पडली एवढंच त्यातून कळतं. कुठली ओळ काढली तर चाललं असतं, हे टाळी सांगत नाही.

(आयोवाचं नाव काढलं म्हणून सांगते, तिथं आणखी एक गोष्ट आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. १९६७ पासून चालणारा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम. नाव असलेल्या लेखकांना काही आठवडे बोलावतात, पदवीबिदवी काही नाही. कवी दिलीप चित्रे १९७५ साली गेले ते या कार्यक्रमात. उद्या कुणी तुला म्हणालं की चित्र्यांनीही तिथंच 'कोर्स' केला, तर नुसतं हसून सोडून दे.)

आता तुझ्या सरांच्या डगरी. सरांचा मान राखून बोलते, पण ज्या मुलखात पैठण आहे तिथं बसून हा सल्ला देणं धाडसाचं आहे. एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर ओवीबद्ध टीका लिहिली, १५७३ साली काशीत ती पुरी झाली. आणि भारुडंही त्यांचीच. ओवीत समोर संस्कृत श्लोक आहे, नाथ स्वतः बोलतात, अर्थ उलगडत नेतात. भारुडात ते कधी जोशी होतात, कधी वासुदेव, कधी गोंधळी, आणि विंचू चावल्यावर कसं नाचायचं तेही सांगतात. सांगायचं एकच आहे, पण ऐकणारा बदलला, बसायची जागा बदलली, की तोंड बदललं. कुणी नाथांना म्हणालं नाही, महाराज, एक काहीतरी धरा. म्हणालं असेल तर नाथांनी ऐकलं नाही.

इतकं लांब जायचं नसेल तर परभणीला जा. बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत होते. १९५३ साली गेले तेव्हा चाळिशीत होते आणि मागं कविता, कथा, कादंबऱ्या असं तिन्ही ठेवून गेले. त्याच परभणीत आसाराम लोमटे पत्रकारिता करता करता कथा लिहीत राहिले, २०१६ साली कथासंग्रहाला साहित्य अकादमी मिळाली. बातमीत जे मावलं नाही ते कथेत गेलं, असं मला त्यांच्या कथा वाचताना वाटतं. हे माझं मत, त्यांचं नव्हे.

सरांच्या म्हणण्यात एक खरं आहे आणि ते मी स्वतःच्या अंगावर घेऊन सांगते. मीही दोन्ही लिहायची. ऐंशीच्या दशकात एका दिवाळी अंकाला कथा पाठवली, पावसाळी रात्रीची. ती परत आली. सातव्या पानावर पेन्सिलीनं आडवी रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात, 'कथा इथून सुरू होते.' सहा पानं उडवली माणसानं! मला इतका राग आला की दोन वर्षं त्या अंकाला एक ओळ पाठवली नाही. पुढं घर बदलताना ती पानं ट्रंकेत सापडली. वाचली. सहाच्या सहा पानं नुसता पाऊस होता, पत्र्यावरचा, चिंचेवरचा, गोठ्यातला. मी त्या वर्षी कविता लिहायला बिचकत होते, कारण आधीचा संग्रह कुणी विचारला नव्हता. जी कविता लिहायची हिंमत झाली नाही ती मी कथेत लपवून पाठवली होती. दोन प्रकारांचा धोका हा आहे. एकातनं पळून दुसऱ्यात लपायची सोय होते. तुझा 'वेदनेचा सागर' तिकडूनच आलाय. कवितेत तो तुला लिहायची लाज वाटली असती.

मुख्य कुठला, यावर मी दोन दिवस घालवले. आधी वाटलं कविता, सरांसारखंच. तुझ्या कविता जास्त पिकलेल्या आहेत. मग तुझी इंग्रजी पानं उघडली.

तिथल्या कार्यशाळा इंग्रजीत चालतात, हे तू गृहीत धरलंस पण त्याचा विचार केला नाहीस. तुझ्या कवितेत 'काटा' आहे. काटा म्हणजे तराजू, आणि बाभळीचाही काटाच. 'पट्टी' आहे. पट्टी म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, आणि जखमेवर बांधतात तीही पट्टीच. तू या दोन शब्दांवर बोट ठेवलं नाहीस तरी मराठी वाचणाऱ्याला ते आतून टोचतात. इंग्रजीत एक वजनाचं यंत्र उरलंय आणि एक पावती. कविता गेली. कथेची इंग्रजी पानंही बेताचीच आहेत, पण चार दाणे मात्र तिकडं पोचलेत, एकही न सांडता. मूठ कुठल्याही भाषेत मिटते.

तेव्हा माझं म्हणणं सरांच्या बरोबर उलट: मुख्य कथा, दुय्यम कविता. हाच अभ्यासक्रम मराठीत असता तर मी कदाचित कविता म्हणाले असते. शिवाय तुला शिकायची गरज कथेत आहे. जिथं आधीच वाहवा मिळते तिथं दोन वर्षं घालवायला एवढ्या लांब कशाला जायचं? कवितेची कार्यशाळा दुय्यम म्हणून असू दे, तिथं तुला शब्द कापायला शिकवतील आणि ती कात्री कथेच्या कामाला येईल. कविता लिहायची मात्र मराठीतच. ती इथल्या बोलण्यावर जगते.

याला एक अट आहे. प्रवेश नमुन्यावर होतो, बाकी शिफारसपत्रं वगैरे नंतर. कवितेची साधारण दहा पानं, गद्याची पंचवीस-तीस मागतात; प्रत्येक ठिकाणचा आकडा तपासून घे. मुख्य प्रकाराचे लोक आधी आपल्या प्रकाराचा नमुना वाचतात. आत्ताची कथा पाठवलीस तर दुसऱ्या पानावरच्या सागरात बुडशील. अर्जांच्या तारखा बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतात. नोव्हेंबरपर्यंत ही कथा आणि आणखी एक, अशा दोन नीट उभ्या राहिल्या तर अर्ज कर. नाही राहिल्या तर पुढच्या वर्षी. कथा जमत नाही म्हणून ऐनवेळी रकाने उलटेपालटे करायचे नाहीत.

घरचं. वडलांना आत्ता काही सांगायचंच नाही, कारण सांगण्यासारखं काही झालेलं नाही. अर्जाची फी तुझ्या तासांच्या पैशातून जाईल. काही ठिकाणी विनंती केली तर माफही करतात, विचारायला लाजू नको. प्रवेश मिळाला तर बघायचं ते एकच: पूर्ण फी माफ आणि वर महिन्याचा भत्ता. बऱ्याच ठिकाणी तो पदवीच्या मुलांना लेखन शिकवण्याच्या बदल्यात देतात, म्हणजे तिथलं सी.एच.बी. समज, पण पोट भरेल असं. हे नसेल तर जायचं नाही. या पदवीनं कर्ज फिटत नसतं, तेव्हा वावर गहाण नको आणि बँकेचा उंबरठाही नको. भत्त्यासह बोलावणं आलं तर उत्तर द्यायला साधारण १५ एप्रिलपर्यंत मुदत असते, तेवढ्यात वडलांशी बोलता येईल. तेव्हा 'लेखक व्हायला चाललो' असं म्हणू नको. 'फी नाही, शिकवायचं काम आहे, त्याचे पैसे मिळतात, सेट माझी कुठं जात नाही' असं सांग. परत आल्यावर इथं नोकरीसाठी ती पदवी दाखवायची तर समकक्षतेचा कागद लागेल, तो वेळेत काढ. आणि बी.एड.चं नाव ऐकून तोंड वाकडं करू नको. मी बी.एड.वरच घर चालवलं.

अनुसूचित जातीचा असशील तर सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी आणि विद्यापीठांच्या क्रमवारीची मर्यादा वाचून घे.

आणि नाहीच जमलं तर? इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या सर्जनशील लेखनाच्या पदविका इंग्रजी आणि हिंदीत आहेत, पैशाला परवडतात. संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. एकांकिकेत संवाद कसे उभे राहतात ते चार तालमी मागं बसून बघितलंस तरी तुझी कथा सुधारेल, त्यातला बाप फार कमी बोलतो आणि बोलतो ते पुस्तकी. लातुरात चार लिहिणारी पोरं शोध, महिन्यातून एकदा बसा. नियम दोनच: कागद आठवडाभर आधी द्यायचे, आणि ज्याची कथा असेल त्यानं गप्प बसायचं. चहा त्यानंच पाजायचा.

आता काम. कवितेच्या शेवटच्या दोन ओळी काढून टाक आणि दोनच ओळींची ती आठ दिवस खिशात ठेव. कथा 'दुपार कशीबशी सरली' तिथं सुरू होऊन पट्टी हातात पडायच्या आधी संपली पाहिजे. वाचकाला आकडा कळायची गरज नाही. अकरा ते चार एवढंच लिही. ते लिहायच्या आधी एखाद्या सकाळी वडलांसोबत परत आडतीवर जा, या वेळी पोती उतरवायला हात लाव, आणि दुपारी भाकरीचं फडकं ते कुठं सोडतात ते बघ. मग मला पाठव.